हिवाळ्याआधी स्विमिंग पूलच्या पाइपलाइन रिकाम्या कशा करायच्या

पूल गोठला की वरचा बर्फ सगळ्यांना दिसतो, पण नुकसान तिथे होत नाही. नुकसान होतं जमिनीखाली, फरशीखाली, जिथे हात पोचत नाही अशा पाइपात. पाण्याचा बर्फ होताना ते जवळपास ९ टक्के फुगतं. पूल वरून उघडा असतो त्यामुळे बर्फाला वर सरकायला जागा मिळते, पाइपात ती मिळत नाही. आणि पाइप नेमका बर्फ झाला तिथेच फुटतो असंही नाही, बर्फाचं बूच एका जागी तयार होतं आणि ते वाढत जाताना पुढचं अडकलेलं पाणी दाबत नेतं, मग तो दाब जिथे कच्चा सांधा असेल तिथे बाहेर पडतो, एखादा एल्बो म्हणजे पाइपाचं वळण, एखादी युनियन म्हणजे खोलता येणारा जोड, पंपाचं तोंड, हीटरची तांब्याची नळी. म्हणून वसंतात लीकेज शोधायला बसलं की डोकं चक्रावतं, गळतंय एकीकडे आणि गोठलं होतं भलतीकडेच.

मी पहिल्या वर्षी पंपाखालचे प्लग काढले, सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवले आणि पाणी आपोआप उतरून जाईल असं धरून चाललो. नाही उतरत. जमिनीखालची लाइन कधीच एका सरळ उतारात नसते, कुठेतरी झोळ असतो, कुठेतरी एल्बोनंतर पाइप परत वर चढतो, आणि तिथे तांब्याभर पाणी राहिलं तरी पुरेसं आहे. शिवाय लाइनचं दुसरं टोक पूलमध्ये उघडंच असतं, म्हणजे तुम्ही जेवढं काढाल तेवढं पूल परत भरणार. त्यामुळे खालचं सगळं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: पाणी बाहेर काढणं हे अर्धं काम, ते परत आत येऊ न देणं हे उरलेलं अर्धं, आणि दोन्ही प्रत्येक लाइनला वेगवेगळं करायचं असतं.

कधी करायचं

पहिला कडक गारठा यायच्या आधी, पण फार आधी पण नको. पूलचं पाणी १८ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की शेवाळाचा जोर कमी होतो, तोपर्यंत थांबलेलं बरं, नाहीतर कव्हरखाली कोमट पाणी महिनाभर पडून राहतं आणि उघडताना हिरवा सूप मिळतो. बंद करायच्या ४-५ दिवस आधी पाणी टेस्ट करून पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम आणि कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४०० पीपीएमच्या मधे आणून ठेवा, क्लोरीनचा शॉक म्हणजे एकदम मोठा डोस द्या आणि पंप चालू ठेवून ते सगळीकडे फिरू द्या. शेवाळनाशक टाकणार असाल तर शॉकचं क्लोरीन खाली उतरल्यावरच टाका, क्लोरीन चढलेलं असताना टाकलं तर ते त्याला मोडून टाकतं आणि पैसे पाण्यात. पानं, गाळ, सगळं आधी काढून घ्या, व्हॅक्यूम करून घ्या, कारण लाइन बंद झाल्यावर व्हॅक्यूम होत नाही.

आधी नकाशा काढा

हा भाग लोक टाळतात आणि नंतर तिथेच अडकतात. पंपाजवळ उभं राहून कागदावर काढा की पंपात किती पाइप येतात, आणि फिल्टर-हीटरनंतर किती बाहेर जातात. येणाऱ्या म्हणजे सक्शन: स्किमर, म्हणजे वरचं पाणी ओढून घेणारं भिंतीतलं तोंड, एक असेल नाहीतर दोन, तळाचा मेन ड्रेन, काही ठिकाणी व्हॅक्यूमची वेगळी लाइन. जाणाऱ्या म्हणजे रिटर्न: भिंतीतले जेट, आणि मग ज्या विसरल्या जातात त्या, धबधबा, घसरगुंडीचं पाणी, ऑटोमॅटिक क्लीनरची लाइन, स्पा म्हणजे गरम पाण्याचा छोटा हौद असेल तर त्याचे जेट आणि त्या जेटना हवा देणारी वेगळी नळी, छतावरचे सोलर पॅनल, आणि पूलमध्ये आपोआप पाणी भरणारी ऑटोफिल लाइन. ही ऑटोफिल तर पूलच्या सिस्टिमला जोडलेलीच नसते, ती घराच्या पाण्यावरून येते, त्यामुळे तुम्ही पूलची सगळी लाइन फुंकून काढली तरी ती भरलेलीच राहते. तिचा घराकडचा व्हॉल्व्ह बंद करून वेगळी रिकामी करायची.

कोणता व्हॉल्व्ह कोणत्या लाइनचा आहे हे पंप चालू असतानाच एकेक बंद करून बघा आणि व्हॉल्व्हवर मार्करने लिहून टाका. लाइनमध्ये एनआरव्ही कुठे आहे तेही बघा, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. हवा उलट्या दिशेने मारायला गेलात तर तो घट्ट बंद होतो आणि तुम्ही तासभर विचार करत बसता की बुडबुडे का येत नाहीत. ज्याचं झाकण उघडतं त्यातली पाकळी तात्पुरती काढून ठेवा आणि झाकण परत लावा.

हवा कशाने मारायची

इथे माझं मत पक्कं आहे: दाब कमी आणि हवा भरपूर. पाइपातलं पाणी ढकलायला मोठा दाब लागतच नाही. पाण्याच्या दर १ मीटर खोलीला साधारण ०.१ बार, म्हणजे दीडएक पीएसआय. मेन ड्रेन अडीच मीटर खाली असेल तर तिथपर्यंत पाणी ढकलायला ३.५ पीएसआयच्या आसपास लागतात, बास. पण पाइप जाड असतो, त्यामुळे हवा थोडी थोडी मारली तर ती पाण्याच्या वरून सरकून निघून जाते आणि पाणी खाली तसंच राहतं, लोंढ्यासारखी आली तरच पाण्याला पुढे घालून नेते.

म्हणून पूलसाठी मिळणारा ब्लोअर सगळ्यात चांगला. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा दणकट व्हॅक्यूम क्लीनर, ज्याचा होज फुंकायच्या तोंडाला लावता येतो, तोही छोट्या पूलला चालतो, फक्त खोल मेन ड्रेनला त्याचा दम अपुरा पडू शकतो, कारण वर सांगितलं तसं खोलीप्रमाणे दाब लागतो. एअर कॉम्प्रेसर वापरणार असाल तर रेग्युलेटर २० पीएसआयच्या खाली ठेवा आणि हवेला बाहेर जायला वाट असल्याशिवाय एक क्षणही मारू नका. पाइपावर छापलेला दाबाचा मोठा आकडा बघून फसू नका, तो पाण्यासाठी आहे. दाबलेलं पाणी फुटलं की गळतं, दाबलेली हवा फुटली की स्फोट होतो, कारण तिच्यात ताकद साठलेली असते. फिल्टरच्या टाकीत तर कॉम्प्रेसरची हवा जाताच कामा नये, टाकीचं झाकण उडून माणसं जीवानिशी गेलेली आहेत. हे घाबरवायला नाही लिहिलंय, टाकीचा एअर व्हॉल्व्ह उघडा ठेवणं आणि टाकीवर कधीही न वाकणं एवढी सवय लावून घ्या.

बाकी सामान म्हणजे ब्लोअर पंपाला जोडायचा अडॅप्टर, प्रत्येक तोंडाच्या मापाचे, पिळले की फुगून घट्ट बसणारे रबरी एक्स्पान्शन प्लग आणि वर दोन जास्तीचे, टेफ्लॉन टेप, ओ-रिंगला लावायचं सिलिकॉन ग्रीस, पान्हे, आणि एक माणूस. माणूस हवाच. एक पूलपाशी आणि एक ब्लोअरपाशी, एकट्याने धावाधाव करून हे नीट होत नाही, आणि थंड पाण्यात हात घालून वाकून काम करताना आसपास कोणी असलेलं कधीही चांगलं.

पाण्याची पातळी

पूल पूर्ण रिकामा करू नका. कधीच नाही. आतलं पाणी हेच पूलला जमिनीत दाबून ठेवतं, ते गेलं आणि बाहेर जमिनीत पाणी चढलेलं असलं तर फायबरग्लासचा पूल होडीसारखा वर उचलला जातो, विनाइलचं लायनर सुटतं, काँक्रीटलासुद्धा तडे जातात. फक्त पातळी उतरवायची. भरीव कव्हर असेल तर स्किमरच्या तोंडाच्या खाली १० ते १५ सेमी पुरतं, जाळीचं कव्हर असेल तर पाऊस-बर्फाचं पाणी आत येत राहतं म्हणून आणखी खाली न्या. रिटर्न त्याहून खाली असतात, ते पाण्याखालीच राहिले तरी चालतं, त्यांना प्लग बसणार आहे. रिटर्न उघडे पडावेत म्हणून पाणी आणखी दोन फूट काढणारे बघितलेत, त्याची गरज नाही.

पाणी उतरवतानाच बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून त्याची धुलाई, करून घ्या म्हणजे एका पाण्यात दोन कामं. मग पंप बंद, आणि नुसता टायमर नाही तर ब्रेकर खाली पाडा आणि त्यावर चिठ्ठी चिकटवा, चालू करू नये म्हणून. रिकामा पंप कोणी चुकून चालू केला तर शाफ्टचं सील काही मिनिटांत जळतं. हीटरचा गॅस बंद करा. क्लोरिनेटरमध्ये गोळ्या उरल्या असतील तर काढून घ्या, आणि त्या दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या डब्यात अजिबात टाकू नका, ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो.

पंप-फिल्टर पूलच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीला असतील तर कुठलंही झाकण उघडायच्या आधी सगळे व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर अख्खा पूल तुमच्या पायाशी रिकामा व्हायला लागेल.

आधी फिल्टर, मग सक्शन

फिल्टरचा खालचा ड्रेन प्लग काढा, वरचा एअर व्हॉल्व्ह उघडा, पाणी वाहू द्या. वाळूचा फिल्टर असेल तर वाळू ओलसर राहते, चालतं. कार्ट्रिज म्हणजे घड्यांच्या कापडाचा फिल्टर असेल तर तो काढून धुऊन घरात ठेवा. मल्टिपोर्ट म्हणजे फिल्टरवरचा, हँडल फिरवून पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह, त्यावरचा प्रेशर गेज आणि बॅकवॉशचं पाणी दिसतं ती छोटी काच पण काढा, त्या दोन्हींत घोटभर पाणी राहतं आणि तेवढ्याने त्या फुटतात.

आता मल्टिपोर्टचं हँडल दाबून क्लोज्डवर न्या, म्हणजे पंपात मारलेली हवा पुढे न जाता मागे सक्शनकडेच जाईल. पंपाच्या जाळीच्या भांड्याचा ड्रेन प्लग काढून तिथे, नाहीतर भांड्याच्या तोंडावर, अडॅप्टरने ब्लोअर जोडा. सगळे सक्शन व्हॉल्व्ह बंद, फक्त एक उघडा. सुरुवात स्किमरने करा.

ब्लोअर चालू केला की आधी काहीच होत नाही, मग स्किमरमध्ये गुडगुड आवाज येतो, मग पाणी उसळतं, मग पाणी आणि हवा मिसळून फवारा येतो. इथे बरेच जण थांबतात. थांबू नका. फवारा बारीक होत जातो, नुसतं धुकं येतं, तोपर्यंत चालू ठेवा. मग बंद करून १५-२० मिनिटं दुसरं काम करा आणि परत फुंका. पाइपाच्या भिंतीला चिकटलेलं पाणी या वेळात खालच्या झोळात जमा होतं आणि दुसऱ्या वेळी चांगलं वाटीभर बाहेर येतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं एवढं राहिलं असेल म्हणून. मी तीनदा करतो. तिसऱ्यांदा फक्त हवा आली की समाधान.

स्किमरच्या भोकात मग पोकळ नळीसारखा लांब प्लास्टिकचा प्लग बसवतात, आट्यांना टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळून. तो पोकळ असण्याचं कारण असं की हिवाळ्यात स्किमरमध्ये पाऊस साचून त्याचा बर्फ झाला तर तो बर्फ फुगून या नळीला चेपवेल, स्किमरची भिंत फोडणार नाही. असा प्लग नसेल तर साधा रबरी प्लग लावा आणि स्किमरमध्ये बूच घट्ट लावलेली रिकामी प्लास्टिकची बाटली उभी ठेवा, तळाशी थोडं वजन म्हणून खडे टाकून. तीच युक्ती, चेपायला काहीतरी मऊ द्यायचं.

स्किमरच्या तळाला दोन भोकं असतील तर दुसरं कुठे जातं ते बघा. कधी ते खाली पूलच्या भिंतीत उघडतं, त्याला इक्वलायझर म्हणतात, त्यालाही भिंतीकडून प्लग लागतो. जुन्या पूलमध्ये मेन ड्रेन स्किमरमधूनच जोडलेला असतो, तिथे पंपाकडचं भोक मोकळं ठेवून मेन ड्रेनच्या भोकातच ब्लोअरचा होज घट्ट बसवून फुंकावं लागतं.

मेन ड्रेनची गंमत

मेन ड्रेनला प्लग लावायला कोणी तळाशी जात नाही. तिथे हवेलाच बूच करायचं. मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडा, बाकीचे बंद, ब्लोअर चालू. थोड्या वेळाने पूलच्या मधोमध मोठमोठे बुडबुडे यायला लागतात. ते सलग आणि जोरात येऊ द्या, एखादं मिनिट तरी, आणि मग ब्लोअर चालू असतानाच व्हॉल्व्ह बंद करा. आधी व्हॉल्व्ह, मग ब्लोअर. उलटं केलं तर ज्या क्षणी हवा थांबते त्या क्षणी पाणी वर धावतं आणि सगळं परत पहिल्यापासून.

यामागचं कारण साधं आहे, ग्लास उपडा करून पाण्यात दाबला तर आत पाणी शिरत नाही कारण आतल्या हवेला जायला वाट नसते. पाइपाचं वरचं टोक व्हॉल्व्हने बंद आहे तोवर खालून पाणी चढू शकत नाही. पण तो व्हॉल्व्ह हवाबंदच हवा. बंद केल्यावरही पंपाच्या बाजूने बारीक फुसफुस ऐकू येत असेल तर व्हॉल्व्ह गळतोय, आतली हवा हळूहळू निसटेल आणि पाणी पूलच्या पातळीपर्यंत चढून बसेल. व्हॉल्व्हच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बघा, फुगे आले की ओ-रिंग बदला, ग्रीस लावा, परत फुंका. आणि नंतर हिवाळाभर त्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, म्हणून मी त्याला दोरी बांधून ठेवतो.

तळाशी ड्रेनच्या तोंडापाशी पाणी असतंच, त्याची काळजी करू नका. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, त्यामुळे बर्फ वर होतो आणि खाली त्यामानाने उबदार पाणी राहतं.

रिटर्न

आता सक्शनचे सगळे व्हॉल्व्ह बंद. मल्टिपोर्ट रीसर्क्युलेटवर, म्हणजे हवा फिल्टरच्या टाकीत न जाता वरच्या वर पुढे हीटर आणि रिटर्नकडे जाईल. कार्ट्रिजवाल्यांना मल्टिपोर्ट नसतो, त्यांनी फिल्टरनंतरची युनियन उघडून ब्लोअर सरळ तिथे जोडावा. हीटरचे ड्रेन अजून काढायचे नाहीत, नाहीतर सगळी हवा तिथूनच निघून जाईल.

पूलमधल्या प्रत्येक रिटर्नची डोळ्यासारखी फिरणारी चकती आणि तिची रिंग काढून घ्या. ब्लोअर चालू करा. पंपापासून सगळ्यात जवळच्या रिटर्नमधून आधी बुडबुडे येतात, लांबच्यातून काहीच येत नाही, आणि लोक समजतात की लांबची लाइन तुंबली. तुंबलेली नसते, हवा सोपी वाट धरते एवढंच. जवळच्यातून भरपूर बुडबुडे येऊ दिले की ते चालू असतानाच त्यात रबरी प्लग घालून विंग नट पिळा. लगेच पुढच्यातून जोर येतो. तो झाला की त्याच्या पुढचा. असं करत शेवटच्याकडे जायचं. मधला एखादा प्लग लावल्यावरही त्याच्या कडेने बारीक बुडबुडे येत असतील तर तो नीट बसलेला नाही, काढून तोंड पुसून परत लावा, आणि रबर कडक झालं असेल तर फेकून द्या.

शेवटचा प्लग लावताना ब्लोअरपाशी उभ्या असलेल्या माणसाला आवाज द्या. तो प्लग बसला की हवेला कुठेच वाट नाही, ब्लोअरचा आवाज लगेच बदलतो, त्या क्षणी बंद करायचा. कॉम्प्रेसरने करत असाल तर शेवटच्या रिटर्नला ही पद्धत वापरूच नका, आधी हवा बंद करा, मग प्लग लावा, थोडं पाणी मागे येईल तर तिथे अँटिफ्रीझ घाला, पण बंद लाइनमध्ये कॉम्प्रेसर मारू नका.

सगळे प्लग लावूनही लांबच्या रिटर्नमधून हवाच येत नसेल आणि अंगणात कुठेतरी मातीतून बुडबुडे किंवा ओल दिसत असेल तर तिथे पाइप आधीपासून फुटलेला आहे. वाईट बातमी, पण आता कळली ते बरं झालं, कारण नेमकी जागा सापडली.

धबधबा, घसरगुंडी, क्लीनरची लाइन, या प्रत्येकीला हाच प्रकार, एक उघडी बाकी बंद. स्पाच्या जेटना हवा देणारी नळी मात्र वेगळी फुंका. तिच्यात पाणी नसतं असं वाटतं कारण ती हवेची आहे, पण स्पा बंद असताना पाणी तिच्यात स्पाच्या पातळीपर्यंत चढलेलं असतं. तिच्या वरच्या तोंडातून फुंकायचं आणि स्पाची पातळी जेटच्या खाली उतरवून ठेवायची.

मशीनरी

लाइन बंद झाल्या की मशीन. पंपाला बहुतेक दोन ड्रेन प्लग असतात, एक जाळीच्या भांड्याखाली आणि एक पंख्याच्या घराखाली, आणि दुसरा लोकांच्या लक्षातच येत नाही कारण तो मागे वळलेला असतो. दोन्ही काढा. युनियन असतील तर पंप सोडवून आत घेऊन जा, ते सगळ्यात चांगलं. हीटरचे सगळे ड्रेन काढा आणि त्यात ब्लोअरने थोडी हवा मारा, प्रेशर स्विचकडे जाणारी बारीक नळीसुद्धा सोडवा, त्यात पेनाच्या रिफिलएवढं पाणी असतं आणि तेवढ्यात स्विच जातो. हीट पंपाला पाण्याच्या दोन्ही युनियन सैल करून ठेवा. मिठापासून क्लोरीन बनवणारी सिस्टिम असेल तर तिचा सेल काढून धुऊन घरात ठेवा. सोलर पॅनल असतील तर वरचा व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह हवा आत घेतोय ना ते बघा, त्याशिवाय पॅनल रिकामे होत नाहीत.

मल्टिपोर्टचं हँडल शेवटी दोन खुणांच्या मधे अडकवून ठेवा म्हणजे आतल्या चांदणीसारख्या गास्केटवर हिवाळाभर दाब राहत नाही आणि उरलेलं पाणीही कुठे कोंडत नाही. मेन ड्रेनचा बंद व्हॉल्व्ह सोडून मशीनपाशी बाकी काही घट्ट बंद नको, प्लग काढलेलेच राहू देत.

काढलेला प्रत्येक प्लग, गेज, ओ-रिंग पंपाच्या जाळीत टाका आणि ती जाळी घरात एका ठरलेल्या जागी. वसंतात एक प्लग सापडला नाही म्हणून आठवडाभर पूल रखडतो.

अँटिफ्रीझ घालायचं का

लाइन नीट फुंकली आणि नीट बंद केली तर लागत नाही. जिथे शंका आहे तिथे घाला: झोळ असलेली लाइन, तीन वेळा फुंकूनही पाणी थुंकणारी लाइन, फरशीखालून कमी खोलीवरून गेलेली लाइन. पण नीट न फुंकता वरून अँटिफ्रीझ ओतून चालेल असं समजू नका, उरलेल्या पाण्यात ते पातळ होतं आणि त्याचा गोठणबिंदू वर येतो, म्हणजे तुम्ही पैसे देऊन फक्त रंगीत पाणी घातलं.

घ्यायचं ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, पूलसाठी किंवा पिण्याच्या पाण्याच्या लाइनसाठी विकतात ते. गाडीचं अँटिफ्रीझ अजिबात नाही, त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे, चवीला गोड लागतं म्हणून जनावरं चाटतात आणि मरतात. डब्यावरचा उणे अमुक अंश हा आकडा पण नीट वाचा, बऱ्याचदा तो पाइप न फुटण्याचा असतो, गोठण्याचा नसतो, त्याच्या बऱ्याच आधी ते बर्फाच्या चिखलासारखं होतं. तसं झालं तरी पाइप वाचतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

किती लागतं ते पाइपाच्या आकारावरून काढता येतं. दीड इंची पाइपात १ मीटरला साधारण १.३ लिटर पाणी मावतं, दोन इंचीत २.२ लिटरच्या आसपास. अख्खी लाइन भरायची नसते, झोळात आणि दोन्ही टोकांना उरेल एवढं घालून ब्लोअरने हलकेच पुढे सरकवलं की पुरतं.

हिवाळाभर

कव्हर घट्ट लावा, त्याच्यावर साचलेलं पाणी छोट्या पंपाने काढत राहा, आणि महिन्यातून एकदा पूलची पातळी बघा. पातळी रिटर्नच्या बाजूला येऊन थांबलीय असं दिसलं तर तिथला प्लग गळतोय आणि पाणी लाइनमधून मशीनकडे जाऊन उघड्या ड्रेनमधून बाहेर पडतंय, म्हणजे ती लाइन भरलेली आहे. गारठा वाढायच्या आत प्लग बदलून परत फुंका.

जिथे हिवाळा सौम्य आहे, वर्षातून चार-दोन रात्रीच शून्याखाली जातं, तिथे हे सगळं न करता पंप चालू ठेवून पाणी फिरतं ठेवतात, कंट्रोलरमध्ये फ्रीझ प्रोटेक्शन असतं ते याचसाठी. मला ते अर्धवट वाटतं. ते चालतं वीज आहे तोवर, आणि वीज जाते ती नेमकी वादळाच्या, बर्फाच्या रात्री. त्यावर अवलंबून राहणार असाल तर निदान पंप, फिल्टर आणि हीटरचे ड्रेन प्लग हाताने सुटतात ना ते आत्ताच बघून ठेवा, पान्हा तिथेच लटकवा, आणि वीज गेली की पहिल्या तासाभरात ब्रेकर पाडून, व्हॉल्व्ह बंद करून मशीनरी रिकामी करा. जमिनीवरचे पाइप सगळ्यात आधी गोठतात, जमिनीतले थोडा वेळ तग धरतात.

उघडताना क्रम उलटा. आधी मशीनचे सगळे प्लग आणि गेज बसवा, ओ-रिंगना ग्रीस लावा, एनआरव्हीची पाकळी परत आत घाला, मल्टिपोर्ट नीट खुणेवर आणा. मग पूल स्किमरच्या मध्यापर्यंत भरा आणि त्यानंतर रिटर्नचे प्लग काढा, काढताना आधी मोठा बुडबुडा वर यायला हवा. तो आला म्हणजे आत अजून हवा होती, लाइन हिवाळाभर कोरडी राहिली. ज्या रिटर्नमधून बुडबुडा आला नाही त्याच्यावर खूण करून ठेवा, पंप चालू केल्यावर आधी त्याच लाइनवर लक्ष ठेवा, आणि पुढच्या वर्षी तिथे नवा प्लग.